उंदीर धरला, आता सोडायचा कुठं?

घर-अंगण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात. भाव पडले म्हणून यंदा कापूस विकला नाही, मधल्या खोलीत भरून ठेवला. त्यात उंदीर झालेत. रात्रभर खुडखुड चालते, सकाळी भिंतीकडेला फोडलेल्या सरकीची टरफलं पडलेली असतात. शेजारी म्हणतात, औषध टाका. पण आई म्हणते, ‘‘गणपतीचं वाहन हाये बाबू, मारू नोको.’’ मलाही मारवत नाही. बाजारातून तारेचा पिंजरा आणला. बोंबील लावला की रोज एखादा सापडतो. मुलगा तो घरामागच्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापाशी सोडून येतो. तरी उंदीर कमी होत नाहीत. मध्ये एक लांब तोंडाचा, घाण वासाचा उंदीर सापडला. आम्ही दुपारी पाहिलं तेव्हा तो मेलेला होता. मुलगा फार रडला. उंदीर न मारता घर मोकळं कसं करावं? बोरच्या जंगलात नेऊन सोडले तर चालतील का? — एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, आधी मुलाबद्दल बोलू. त्याला सांगा, मेला तो उंदीर नव्हता, चिचुंद्री होती. दिसते उंदरासारखी, पण उंदरांच्या कुळातली नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. चिचुंद्री कुरतडत नाही. तिचे दात बारीक आणि टोकदार, किडे धरायचे. झुरळं, किडे, गांडुळं हे तिचं मुख्य खाणं. तुमच्या सरकीला तिनं तोंड लावलं नसणार, ती आली बोंबलाच्या वासानं. तिचं शरीर अन्न इतक्या झपाट्यानं जाळतं की काही तास पोटात काही गेलं नाही तरी ती दगावते. पहाटे अडकलेली चिचुंद्री दुपारपर्यंत तग धरत नाही ती यामुळे.

मी खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. पावसाळ्यात वर्गाच्या भिंतीकडेनं चिचुंद्रीची माळ जाताना मुलांना दाखवायची. पुढं आई, तिच्या शेपटीच्या बुडाशी पहिल्या पिल्लानं दात रोवलेले, त्या पिल्लाला दुसऱ्यानं धरलेलं, असं करत सगळी एका ओळीत. आई वळली की अख्खी ओळ वळते, एकही पिल्लू सुटत नाही. तुमच्या मुलाला कधी दिसली तर त्यानं जागीच थांबून पाहावी. यापुढे पिंजऱ्यात चिचुंद्री आली तर लांब नेऊ नका, दारातच सोडा. ती तुमची झुरळं खाते. आणि बोंबील लावणं बंद करा. भाजलेला शेंगदाणा, खोबऱ्याचा तुकडा किंवा भाकरीला जरा तेल लावून ठेवा. उंदीर येईल, चिचुंद्री सहसा येणार नाही.

आता पिंजऱ्याची वेळ. न मारता धरायचं ठरवलं की पिंजऱ्यातल्या जीवाचं पाणी, ऊन, थंडी सगळं आपल्याकडे येतं. लोक पिंजरा घेतात आणि हे विसरतात. दिवे लागणीला पिंजरा लावायचा, उजाडताच पाहायचा. दिवसा दार तारेनं बांधून बंद ठेवायचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली किंवा कवेलूंखालच्या माळ्यावर दुपारी पिंजरा राहिला तर उंदीर उकडून मरतो, आणि ते मरण औषधानं येणाऱ्या मरणापेक्षा सोपं नाही. काकडीची फोड आत टाका, तिच्यातून पाणी मिळतं. थंडीत मूठभर कापूस घाला, तुमच्याकडे तो आहेच. उंदीर त्यात घुसून गोळा होऊन बसतो. सापडल्यावर पिंजऱ्यावर जाड फडकं टाकलं की तो तारेवर तोंड आपटायचं थांबवतो. उघड्या पिंजऱ्यात उंदीर नाक रक्तबंबाळ करून घेतो, म्हणून हे फडकं मला फार महत्त्वाचं वाटतं.

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवू नका. उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेनं पळतो, तेव्हा पिंजऱ्याचं तोंड भिंतीला लागून हवं. कापसाची गंजी भिंतीला टेकलेली असेल तर चारही बाजूंनी हातभर मागं ओढा. त्या मोकळ्या पट्टीत लेंड्या दिसतील, वाट दिसेल, पिंजराही बसेल. लेंडी जिऱ्याएवढी असेल तर तो लहान घरउंदीर, नव्या वस्तूजवळ तो पहिल्याच रात्री येतो. अर्धा इंच लांब असेल तर आढ्यावरून फिरणारा मोठा उंदीर समजा. तो नव्या वस्तूला बुजतो. त्याच्यासाठी पिंजरा चार-पाच रात्री दार बांधून उघडाच ठेवा, आत दाणे टाकत राहा. निर्धास्तपणे खायला लागला की मग दार मोकळं करा. अंगणात मातीचे ढीग काढणारी घूस मात्र या पिंजऱ्यात मावत नाही. ती चवताळली की चावते. तिच्या वाटेला मुलाला जाऊ देऊ नका.

उंदीर कमी का होत नाहीत? घरउंदराचं रोजचं फिरणं घरट्याभोवती पाच-दहा मीटरांचं असतं, पण उचलून दूर ठेवला तर शे-दोनशे मीटरांवरूनही तो परत येऊ शकतो. कुटाराचा ढीग तर तुमच्या भिंतीला लागून. मुलगा उंदराला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सोडतो आहे, एवढंच. त्यात मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. रोज एक धरून हा हिशेब मिटत नाही.

म्हणून भाऊ, पिंजरा हे अर्ध्याहून कमी काम आहे. खरं काम भोकं बुजवायचं. शिसपेन्सिल जिथून आत जाते तिथून लहान उंदीर जातो. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून भिंतीभोवती फिरा. जिथं उजेड दिसेल तिथं खडूनं खूण करा. भांडी घासायची तारेची घासणी त्या भोकात ठासून भरा आणि वरून सिमेंट. नुसतं सिमेंट ओलं असतानाच तो उकरतो, आणि मातीच्या भिंतीत फुटक्या काचा कोंबल्या तर बाजूची माती काढून वाट करतो. तार मात्र त्याच्या दातांत अडकते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा. भिंत आणि कवेलूंच्या मधली फट सगळ्यांत मोठी असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तिथं बारीक जाळी ठोका. घराला टेकलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि ते कुटार भिंतीपासून लांब हलवा. धान्य पत्र्याच्या कोठीत. आमच्या घरी जुनी कणगी दगडी पायांवर होती आणि प्रत्येक पायाला पत्र्याची उलटी टोपली बसवलेली. उंदीर पाय चढून त्या पत्र्याखाली अडायचा. कुणाला लाकडी कोठी टाकवत नसेल तर एवढं करून घ्यावं.

एक क्रम सांभाळा. आधी धरायला लागा, मग बुजवा. सगळी भोकं एका दिवशी बंद केली तर आतले आत राहतात, आणि पिल्लं उपाशी मरतात. धरलेल्या मादीच्या पोटाकडे पिंजऱ्याच्या तारेतून नजर टाका. आचळं ठळक आणि भोवतालचे केस झिजलेले दिसले तर तिची पिल्लं त्याच खोलीत आहेत. तिला लगेच नेऊ नका. गंजीच्या कडेला कापूस पिंजून केलेलं वाटीएवढं घरटं सापडतं. जाड हातमोजे घालून ते अख्खं उचला, खोक्यात ठेवा, आईबरोबरच न्या. हा त्रास सगळे घेणार नाहीत हे मला माहीत आहे. तुमचा मुलगा घेईल.

कुठं सोडायचं? बोरला नको. ते २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. परवानगी असती तरी मी नको म्हटलं असतं. घरात वाढलेल्या उंदराला जंगलात ना ओळखीचं खाणं, ना बीळ. आणि माणसांच्या वस्तीतले रोग आपण तिकडं नेतो. दुसऱ्याच्या वावरात सोडणं तर सरळ अन्याय आहे. तुमची सरकी वाचवायला त्याचा हरभरा का जावा? गावाची ई-क्लास (गुरं चरायची सरकारी) जमीन वस्तीपासून दूर असेल आणि जवळ कुणाचा गुरांचा कोठा नसेल तर ती, नाही तर स्वतःच्याच वावराचा झुडपं असलेला धुरा, म्हणजे बांध. घरापासून किलोमीटरभर तरी अंतर हवं, मध्ये नाला असला तर उत्तम. सूर्य बुडताना सोडा. भर दिवसा सोडलेला उंदीर कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही. पिंजरा झुडपाच्या बुडाशी आडवा ठेवा, तोंड झुडपाकडे, दार उघडा आणि मागं सरा. मूठभर दाणे तिथं टाका. इतकं करूनही सोडलेल्या उंदरांपैकी पुष्कळ जगत नाहीत, कुणाला घुबड नेतं, कुणाला धामण. हे मुलापासून लपवू नका. उंदीर घरात येऊच न देणं, यातच त्याच्यावरची खरी दया आहे.

आणि गवतात जाताना काळजी घ्या. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, माणसं दगावली, ते अनेकांच्या लक्षात असेल. एका अगदी बारीक किड्याच्या ‘चिगर’ नावाच्या अळ्या गवतात आणि उंदरांच्या अंगावर असतात, त्या चावल्यानं हा ताप येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत बूट, पँट मोज्यात खोचलेली. परत आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप आला, अंगावर कुठं काळी खपली दिसली किंवा नाही दिसली तरी, उंदीर हाताळल्याचं आणि गवतात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेत ओळखला तर यावर साधं, स्वस्त औषध आहे.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. खोली अर्धा तास उघडी टाका, कापसाला लागणार नाही असं पाहून एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी लेंड्यांवर शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं उचला. पायाला चीर असेल तर अनवाणी हे काम नको. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

औषधाबद्दल आईंचं ऐका. विष खाल्लेला उंदीर गंजीत खोल जाऊन मरतो आणि वास महिनाभर जात नाही. उघड्यावर मेला तर मांजर खातं, नाही तर गव्हाणी घुबड उचलतं, आणि ते विष त्यांच्याही पोटात जातं. जे घुबड रात्रभर तुमच्या वावरातले उंदीर टिपतं, तेच आपण गमावतो.

प्रश्न : दुकानदारानं उंदरासाठी चिकट पुठ्ठा दिला. सकाळी त्यावर उंदीर जिवंत चिकटलेला होता, ओरडत होता. ओढून काढला तर कातडी निघेल अशी भीती वाटली. काय करायला हवं होतं? — एक वाचक, पुसद

उत्तर : ओढला नाहीत हे फार चांगलं केलंत. हातमोजे घाला, उंदराच्या डोक्यावर फडकं टाका. मग खायचं तेल थेंब-थेंब त्याच्या पायांभोवती आणि पोटाखाली सोडा, नाकातोंडात जाऊ देऊ नका. पाच-दहा मिनिटांत गोंद सैल होतो, तो स्वतःच पाय सोडवतो. उरलेलं तेल मऊ फडक्यानं टिपा, खोक्यात उबेला ठेवा, दम खाल्ला की सोडा.

तो पुठ्ठा पुन्हा घरात आणू नका. त्यावर जीव तासन् तास, कधी दिवसभर तडफडतो, भुकेनं आणि भीतीनं मरतो. पाल, चिमणी, चिचुंद्री, जे येईल ते चिकटतं. प्राण्यांना विनाकारण यातना देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानंही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. दुकानदाराला हे शांतपणे सांगा. गावातल्या दुकानात गिऱ्हाईक नको म्हणालं की माल येणं थांबतं.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत उंदरानं घरटं केलंय. आत केस नसलेली गुलाबी पिल्लं आहेत. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, लाइन रात्रीची आहे. काय करू? — एक तरुण शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, आज रात्री मोटर चालू करू नका. कुरतडलेल्या तारेनं तुम्हालाच धक्का बसेल, पिल्लांचं नंतर बघू. दिवसा मुख्य पुरवठा बंद करा, टेस्टरनं खात्री करा, मगच पेटी उघडा.

पिल्लांना आईविना जगायला जवळपास तीन आठवडे लागतात, तेवढं हरभरा थांबणार नाही. म्हणून घरटं मोडू नका, दोन्ही हातांनी खालून उचलून अख्खं काढा. फुटक्या माठात किंवा आडव्या डब्यात ठेवा आणि पेटीपासून चार-पाच पावलांवर, सावलीत, दगडांच्या आडोशाला ठेवून द्या. तिथून हटा, कुत्र्याला जवळ येऊ देऊ नका. आई अंधार पडल्यावर येते, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. हे काम सकाळी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिल्लं उबेत राहतील आणि तिला शोधायला अख्खी रात्र मिळेल.

त्यानंतर वायरमनला बोलावून तारा बदलून घ्या. केबल पेटीत शिरते त्या भोकाला रबरी ग्लँड (केबल घट्ट धरणारं बूच) बसवा, उरलेली फटही नीट बंद करा. पेटीत घासणीची तार मात्र कोंबू नका, तिच्यातून वीज वाहते. पेटी खांबावर छातीच्या उंचीला न्या आणि खांबाला खाली पत्रा गुंडाळा.