रोज ठेचा खाल्ल्यानं अल्सर होतो का? विदर्भातली माणसं एवढं तिखट पचवतात कशी?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन अकोल्याकडच्या गावी आलात, खानावळीच्या डब्यात रोज हिरवा ठेचा येतो आणि घरचे फोनवरून अल्सरची भीती घालतात. मी शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, म्हणून सांगतो.

मिरचीनं अल्सर होत नाही. बहुतेक अल्सरमागं हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे दुखणं थांबवायच्या गोळ्या. आमच्याकडं निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून गोळी आणून उपाशीपोटी गिळतात, आणि पोट जळायला लागलं की बोल ठेच्याला! अल्सर आधीच असेल तर तिखटानं आग वाढू शकते, एवढं खरं.

तिखटपणा असतो कॅप्सेसिनचा. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिथं ते तयार होतं, त्यामुळं नुसत्या बिया झटकून फारसा फरक पडत नाही, शीर खरवडा. उष्णता ओळखणाऱ्या नसांना ते चेतवतं, म्हणून काहीही भाजलेलं नसताना तोंड भाजल्यासारखं वाटतं. तशाच नसा खाली शेवटपर्यंत असतात. सकाळचा त्रास त्यामुळं! रोज खाणाऱ्याच्या नसा हळूहळू बोथट होतात. आम्ही लहानपणापासून वरण-भाकरीत मिरची चुरून खातो, यात पचनशक्तीचा काही पराक्रम नाही. आग झाली तर पाणी पिऊ नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध, दही किंवा ताक घ्या.

आता ठेचा. खानावळीतला बहुधा मिक्सरचा असतो, पाणी घालून गुळगुळीत केलेला. तो मी ठेचा धरत नाही. घरी करा. मिरच्यांचे देठ काढून प्रत्येकीला चीर द्या, नाहीतर आत वाफ कोंडून तव्यावर फटकन फुटते आणि तेल अंगावर उडतं. शेंगदाण्याचं तेल जरा सढळ घाला. मिरच्यांवर पांढरट फोड आले की लसणाच्या पाकळ्या, जिरं आणि मूठभर शेंगदाणे टाका. खाली उतरवून जाडं मीठ घाला आणि तव्यातच लोट्याच्या बुडानं रगडा. मिठाच्या खड्यांनी मिरची पटकन चिरडते. ओबडधोबडच ठेवा. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. भाकर ज्वारीची, सोबत कांदा. थंडीत हिरव्या मिरचीची भाजी कुणी बोलावून खाऊ घातली तर नाही म्हणू नका. तुरीची डाळ, वांगी, पालक आणि मिरच्या एकत्र शिजवून घोटतात; डाळीमुळं तिचा तिखटपणा ठेच्यापेक्षा सोसवतो.

फायदे विचारलेत. वजनाला वजन धरलं तर कच्च्या हिरव्या मिरचीत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. पण संत्रं आपण अख्खं खातो आणि मिरच्या दोन, त्याही तव्यावर भाजून, म्हणजे त्यातलं बरंचसं गेलेलं. ठेचा चवीसाठी खावा. वजन उतरतं म्हणून मिरच्या चावणाऱ्यांचं मला हसू येतं.

तुमच्या डब्यात ठेचा असू द्या, पण भाकरीसोबत. रिकाम्या पोटी चहा आणि वर टपरीवरचं मिरचीचं भजं, हे मात्र कुणालाही नडतं. छातीत वरचेवर जळजळत असेल, मूळव्याध असेल तर खानावळवालीला सांगून ठेच्याऐवजी जवसाची चटणी घ्या, तिच्यात तिखट बेतानं घालता येतं. शौचाला काळं होत असेल किंवा रक्त दिसत असेल तर लगेच डॉक्टर गाठा, मिरची सोडून बघू म्हणत बसू नका.