मधुमेहामुळे वडिलांच्या पायांच्या नसा खराब झाल्यात. इंदूरमध्ये ॲक्युपंक्चर करून बघावं का?

तुम्ही लिहिलंय की रात्री वडिलांच्या तळपायांची आग होते, प्रेगाबालिनने (नसांच्या दुखण्यावरची गोळी) दिवसभर झापड येते आणि शेजारचे म्हणतात, सुया लावा, नसा पुन्हा जिवंत होतात.

नसा जिवंत होतील याची खात्री कोणी देत असेल तर तिथून उठून या. आग कमी होऊ शकते, तेवढ्यासाठी करून बघायला माझी हरकत नाही.

माझ्या आईला मी इथेच, रामबागेजवळ, न्यायचो. केसासारख्या बारीक सुया. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या वर आतून, बोटांच्या बेचक्यांत. मग अर्धा तास नुसतं पडून राहायचं. काही आठवड्यांनी तिचं रात्री उठून ओल्या फरशीवर पाय टेकवून बसणं बंद झालं. त्याच सुमारास बी-१२ ची इंजेक्शनंही सुरू होती (वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात), त्यामुळे श्रेय कुणाचं यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. वडिलांचं बी-१२ तपासलं नसेल तर आधी ते तपासा. सुयांपेक्षा स्वस्त पडेल.

बधिरपणा मात्र जिथल्या तिथे राहिला. डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि नायलॉनचा जाडसर धागा तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो तो. आईच्या अंगठ्याखाली धागा पार वाकलेला मला दिसत होता, आणि ती म्हणते, "अहो, लावा ना आता!"

ही तपासणी सुयांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा कराच. कारण आग थांबली म्हणजे नस सुधारली असं नाही. नस पार निकामी झाली तरी आग थांबते, आणि घरचे पेढे वाटायच्या तयारीत असतात.

पुराव्याचं म्हणाल तर, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये नसांच्या दुखण्यावरचे ॲक्युपंक्चरचे अभ्यास गोळा केले. निकषात बसले ६, मिळून ४६२ रुग्ण. त्यातून ठामपणे हो किंवा नाही म्हणता आलं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली आहे, पण त्यामुळे पाटी लावणारा प्रत्येक जण शिकलेला ठरत नाही. शिक्षण कुठे झालं ते तोंडावर विचारा. सुयांचं पाकीट नवं हवं आणि तुमच्यासमोर फोडलेलं हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडू देऊ नका.

सगळ्यात जपायचं ते शेकापासून. काही ठिकाणी मोक्सा म्हणून वाळल्या पाल्याची कांडी पेटवून पायाजवळ धरतात. बधिर पायाला चटका कळत नाही. कळतो तो फोड आल्यावर. गरम पाण्याची पिशवी आणि खजराण्याच्या गणपतीला भर मे महिन्यात अनवाणी जाणं, दोन्ही त्यातलंच. आईला आम्ही मोजे घालून नेतो, कोणी काही म्हणत नाही.

प्रेगाबालिन मनाने बंद करू नका. झापड येते हे डॉक्टरांना सांगा; डोस कमी करतात किंवा ड्युलॉक्सेटीनसारखं दुसरं औषध देतात. साखरेचं तर तुम्हाला माहीतच आहे. रात्री सराफ्यातलं खाणं, सकाळी पोहे-जिलेबी आणि दुपारी सुया, हा हिशोब कोणत्याच पॅथीत बसत नाही.

रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. वडिलांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. जखम किंवा फोड दिसला तर त्या पायाला सुया नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर.