एप्रिलमध्ये डेट्रॉइट नदीत बोटीने वॉलआय (गोड्या पाण्यातला एक मासा) धरायचे तर कोणता पट्टा निवडावा?

पहिल्यांदाच जात असाल तर ट्रेंटन चॅनल निवडा, म्हणजे मिशिगनचा किनारा आणि ग्रोस ईल बेट यांच्यामधला नदीचा फाटा. वसंतात वॉलआय ईरी सरोवरातून अंडी घालायला या वाटेनेही वर चढतात, मोठी मालवाहू जहाजं बहुतेक मुख्य पात्रातून जातात, आणि नदी अमेरिका-कॅनडा सीमेवर असली तरी हा फाटा पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असल्याने मिशिगनचा परवाना पुरतो. फाट्यातही जागा बघून घ्या: तळ दगडगोट्यांचा, खोली 10 ते 20 फूट, आणि खोल पात्र उथळाला भिडतं ती उताराची कड. वॉलआय ऐन धारेत फार थांबत नाही. तळालगत, धार मंदावते तिथे दबा धरतो. नांगर टाकू नका. बोट प्रवाहाबरोबर सोडा आणि इलेक्ट्रिक मोटरने इतकीच आवरा की तंगूस सरळ उभा राहील. तो तिरका गेला की जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, तळ सोडते आणि मासा लागत नाही. बहुतेक वेळा 14 ग्रॅमची जिग पुरते, धार जोरात असेल तर 21 ग्रॅम. तळाला टेकल्याची टक् बोटाला जाणवली की वीतभर उचला आणि तंगूस ताठ ठेवूनच खाली सोडा. चावा बहुधा खाली जातानाच लागतो.

मात्र जोराच्या वाऱ्यानंतर वरचं सेंट क्लेअर सरोवर ढवळून गाळ खाली येतो. बुडवलेली जिग हातभर खोलीवरही दिसेनाशी झाली, तर तो दिवस सोडून द्या.