पोकेमॉनच्या डबल्स (दोन विरुद्ध दोन) स्पर्धांमध्ये मेटा, म्हणजे त्या काळात कोणते पोकेमॉन आणि डावपेच जास्त दिसतात ते चित्र, इतका का बदलतो? दोन महिन्यांपूर्वी जिंकणारी टीम आता का हरते?

तुमची टीम बिघडलेली नाही. समोरचे खेळाडू बदलले आहेत, आणि त्यातले बरेच जण तुमच्यासारख्याच टीमला हरवायची तयारी करून आलेत. दर वेळी स्पर्धा जिंकलेल्याची टीम जशीच्या तशी उचलावी का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: उचलू नका. ती टीम त्या आठवड्यात समोर काय येणार, याचा अंदाज बांधून केलेली असते. तुमच्या हातात येईपर्यंत तो आठवडा उलटलेला असतो.

मेटा दोन कारणांनी हलतो. पहिलं म्हणजे नियम. 2013 मध्ये एक्स आणि वाय हे गेम आले आणि ॲबिलिटीने (पोकेमॉनच्या अंगभूत गुणाने) पडणारा पाऊस पाच टर्नवर आला. त्याआधी पॉलिटोड मैदानात उतरला की पाऊस थांबायचाच नाही, दुसऱ्या कोणी हवामान बदलेपर्यंत. मेगा कँगसखान (कँगसखानचं लढाईपुरतं ताकदवान रूप) एका चालीत दोनदा मारतो; त्याचा दुसरा ठोसा आधी निम्म्या ताकदीचा होता, पुढच्या पिढीत तो पाव झाला. स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममध्ये तर ठरावीक काळाने नवं रेग्युलेशन (नियमावली) येतं आणि कोणते पोकेमॉन चालतील हेच बदलतं. हे बदल जाहीर होतात, सगळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांचा फारसा त्रास नाही.

दुसरं कारण म्हणजे खेळाडू एकमेकांना देत असलेली उत्तरं. एकही नियम न बदलता टीम जुनी होते ती यामुळे. डोंडोझो आणि तात्सुगिरीची जोडी घ्या. तात्सुगिरी डोंडोझोच्या तोंडात शिरतो आणि डोंडोझोचा अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड, सगळं एकदम दोन-दोन पायऱ्या वर जातं. आत बसलेल्या तात्सुगिरीला कोणी मारू शकत नाही. नुसत्या हल्ल्यांनी हा डोंगर फुटत नाही, म्हणून लोक मर्क्रो घेऊ लागले. प्रँकस्टर या ॲबिलिटीमुळे त्याची हेझ ही चाल आधी पडते आणि वाढलेलं सगळं शून्यावर येतं. अमूंगसवर क्लिअर स्मॉग ही वाढ पुसणारी विषारी चालही दिसू लागली. त्यावर डोंडोझोवाल्यांचा तोडगा तयार होता: स्टील टेरा, म्हणजे लढाईत पोकेमॉनचा टाइप बदलून स्टील करणं. स्टीलला विषारी चाल लागतच नाही, म्हणजे क्लिअर स्मॉग फुकट. ग्रास टेरा घेतला तर अमूंगसची स्पोर ही झोपवणारी चालही लागत नाही.

आता पुढचा टप्पा बघा. हेझ सगळीकडे दिसायला लागलं की डोंडोझो कमी होतो. तो कमी झाला की हेझची जागा वाया गेल्यासारखी वाटते, लोक तिथे दुसरी चाल बसवतात. आणि हेझ नाहीसं झालंय हे ज्याच्या आधी लक्षात येतं, तो डोंडोझो पुन्हा बाहेर काढतो. या चक्रात तुम्ही कुठे उभे आहात, हे कळणं मला या खेळातलं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं.

हीच ओढाताण एका आकड्यावरही चालते. इन्सिनरोर लेव्हल 50 ला, स्पीडमध्ये एकही ईव्ही (सरावाने वाढवायचे गुण) न घालता आणि नेचर (एखादा आकडा थोडा वाढवणारा-घटवणारा स्वभाव) न्यूट्रल ठेवून, 80 स्पीडचा असतो. चार ईव्ही घातले की 81, पुढे दर आठला एक. समोरही इन्सिनरोर असेल तर 81 वाल्याची फेक आउट ही दचकवणारी चाल आधी लागते आणि 80 वाला दचकून टर्न गमावतो. मग कोणी 82 करतो, कोणी 83. याच्या उलट, काही जण मुद्दाम स्पीड कमी ठेवतात: पार्टिंग शॉट, म्हणजे समोरच्याला कमजोर करून स्वतः बाहेर पडायची चाल, सगळ्यात शेवटी मारली की आत येणारा जोडीदार त्या टर्नला मार न खाता उतरतो. कोणतं बरोबर? ते त्या महिन्यात बाकीचे काय करतायत यावर ठरतं.

मेटा वाचून जिंकण्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 2016 च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जागतिक स्पर्धेचं आहे. त्या वर्षी ग्राउडन आणि झर्नियस ही जोडी जिकडेतिकडे होती. प्रायमल ग्राउडनवर (ग्राउडनच्या जास्त ताकदवान रूपावर) पाण्याच्या चालीचा चौपट मार बसायला हवा, पण त्याच्या कडक उन्हात पाण्याची चाल वाफ होऊन जाते. वुल्फ ग्लिक हा खेळाडू कायोगर आणि रेक्वाझा घेऊन आला. मेगा होण्याआधीच्या रेक्वाझाची एअर लॉक ही ॲबिलिटी आहे; तो मैदानात असेपर्यंत हवामानाचा परिणामच होत नाही. ऊन निकामी, आणि कायोगरचं पाणी ग्राउडनवर चौपट. जोडीला स्टील टाइपचा ब्रॉन्झाँग, ज्याच्यावर झर्नियसच्या फेअरी चाली अर्ध्याच लागतात, आणि मेगा गेंगर, ज्याच्यासमोर भूत टाइप सोडून कोणाला सहज स्विच करून पळता येत नाही. रायचू आणि हिटमॉनटॉप हे उरलेले दोघं. यादी नुसती वाचली तर विस्कळीत वाटते. समोर कोण बसणार आहे हे डोक्यात ठेवून वाचली की प्रत्येकाचं काम दिसतं. तो ती स्पर्धा जिंकला.

आता तुमच्या टीमबद्दल. सहाही पोकेमॉनच्या नावापुढे तो कोणासाठी घेतलाय ते लिहा. "चांगला आहे म्हणून" एवढंच लिहिता येत असेल तर बदलायची जागा तीच. मग स्मोगॉन या वेबसाइटवर दर महिन्याला येणारी वापराची आकडेवारी उघडा आणि ज्याच्यासाठी तो घेतला होता, तो अजून दिसतोय का ते बघा. नसेल, तर तेवढा एकच बदला आणि काही दिवस खेळा. एकदम तीन बदलले तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

सराव शोडाऊन या ऑनलाइन सिम्युलेटरवर करत असाल तर बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन जिंकायचे) लॅडरवर, म्हणजे रेटिंगच्या सामन्यांमध्ये करा. अधिकृत स्पर्धांमध्ये आता टीम शीट उघडी असते: चाली, आयटम, ॲबिलिटी, टेरा टाइप सगळं समोरच्याला आधीच दिसतं, झाकलेले राहतात ते नेचर आणि ईव्ही. त्या लॅडरवरही शीट उघडीच असते. साध्या लॅडरवर समोरच्याला चकवून मिळालेले विजय इथे मिळत नाहीत, त्यामुळे रेटिंग सुरुवातीला घसरेल. घसरू द्या. तिथे कोणाविरुद्ध हरताय त्याची यादी ठेवा आणि पुढचा बदल तिच्यावरूनच ठरवा.