कुठले पाटील?

प्रश्न : २०२३ साली कर्नाटकात जे मंत्रिमंडळ बनले, त्यात एच. के. पाटील, एम. बी. पाटील, शिवानंद पाटील आणि शरणप्रकाश पाटील असे चार पाटील मंत्री झाले. आमचे आडनावही पाटीलच असल्यामुळे मुंबईचे पाहुणे दर वेळी ‘हे तुमच्यापैकीच का?’ असे विचारतात आणि एखाद्या पाटलाविषयी वाईट बातमी छापून आली की चौकशीचे फोनही आम्हालाच येतात. एकाच आडनावाच्या या मंडळींचे मूळ कोठेतरी एक असते का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आडनावापुरते बोलायचे तर नाही. पाटील हा मुळात हुद्दा आहे. गावाचा वसूल गोळा करणे आणि बंदोबस्त पाहणे हे काम ज्या घराकडे वतनाने चालत आले, ते घर पाटलाचे झाले, मग ते मराठा असो, लिंगायत असो, जैन असो वा मुसलमान; आणि आपल्या सीमाभागात तर हे सगळे पाटील शेजारशेजारच्या गावांत भेटतात. वतन वारसांत वाटले जाई, म्हणून एका गावातले पाटील बहुधा एकमेकांचे भाऊबंद निघतात, पण शीव ओलांडली की दुसरे गाव, दुसरे वतन आणि दुसरे घराणे. कित्येक मराठा पाटलांचे मूळ आडनाव वेगळेच असते आणि ते सोयरीक जुळवताना तेवढे बाहेर येते.

आपण म्हणता त्या चौघांचे मतदारसंघ अनुक्रमे गदग, बबलेश्वर, बसवन बागेवाडी आणि सेडम. त्यांपैकी सेडम तर तेलंगणाच्या सीमेलगत आहे. खरी ओळख आडनावात नसून आद्याक्षरांत आहे, जी बातमी वाचताना आपण सहसा गाळतो. एच. के. म्हणजे हनुमंतगौडा कृष्णेगौडा आणि एम. बी. म्हणजे मल्लनगौडा बसनगौडा, म्हणजे आपल्यासारखेच आधी स्वतःचे आणि मग वडिलांचे नाव. जुन्या म्हैसूरकडे मात्र पद्धत निराळी असून एच. डी. देवेगौडा यांच्या नावात हरदनहळ्ळी हे गाव आणि दोड्डेगौडा हे वडील आहेत. यातला ‘गौडा’ हा कानडीतला पाटीलच. त्यामुळे राजकारणी बसनगौडा पाटील यत्नाळ यांच्या नावात एकच हुद्दा दोनदा आला आहे, आणि शेवटी गाव जोडल्यावरच माणूस नेमका कळतो.

देसाई आणि कुलकर्णी यांचेही असेच. कित्तूरचे संस्थानिक देसाई, ज्यांच्या घरात काकतीची चन्नम्मा राणी म्हणून आली, आणि गुजरातेतले मोरारजी देसाई यांचा आपसांत संबंध नाही. धारवाडकडे लिंगायत कुलकर्णीही आहेत, हे पुण्याच्या माणसाला पटवताना पुरेवाट होते! बेळगाव मुंबई राज्यात असताना १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि म्हैसूर राज्यात आल्यावर १९६१ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. आडनावे मात्र कोणत्याच कायद्याने काढून घेतली नाहीत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गोकाकचे राजकारणी रमेश, सतीश, भालचंद्र आणि लखन जारकीहोळी हे खरोखरच भाऊ आहेत. आडनाव जितके विरळ, तितका नात्याचा अंदाज खरा ठरण्याचा संभव अधिक. पाटील हे आडनाव मात्र इतके पसरले आहे की त्यावरून नाते जोडणे म्हणजे दोन शिक्षकांना केवळ ‘गुरुजी’ म्हणतात म्हणून सख्खे भाऊ मानण्यासारखे आहे.

पुढच्या वेळी फोन आला तर ‘बातमीत वडिलांचे नाव आणि गाव कोणते दिले आहे?’ एवढे आधी विचारावे. बातमीत ते दिलेलेच नसेल, तर तक्रार आपल्या पाहुण्यांकडे न करता त्या बातमीदाराकडे करावी.