रुजू व्हायला तीन आठवडे आणि पाळी चुकलेली

प्रश्न : मला एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात मासिक ३४,००० रुपये वेतनाची नोकरी मिळाली आहे. तीन आठवड्यांनी रुजू व्हायचे असून पहिले सहा महिने प्रोबेशन आहे. पाळी बारा दिवस पुढे गेली आहे. घरी केलेल्या चाचणीत दुसरी रेघ पुसट आली, डॉक्टरांकडे अजून गेलेले नाही. कंपनीच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये ‘आपण सध्या गर्भवती आहात काय?’ असा रकाना आहे. पतीचे म्हणणे, ‘नाही’ लिहून मोकळी हो. नणंदेचे म्हणणे, आत्ताच खरे सांग. शिवाय, वर्ष भरल्याशिवाय बाळंतपणाची रजा मिळत नाही, असे ऐकले आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातली शेवटची समजूत आधी दूर करतो, कारण ती चुकीची आहे आणि तिच्यामुळेच बऱ्याच जणी हाती आलेली नोकरी सोडून देतात. वर्षभर नोकरीची अट कायद्यात नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात अट होती ती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केलेले असण्याची, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवलेली आहे. दुकाने व आस्थापनांना ही तरतूद दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लागू होते. आपली कंपनी त्यात बसते, असे मी धरून चालतो.

आता आपलाच हिशेब मांडू. नेहमीचे अठ्ठावीस दिवसांचे चक्र धरले, तर शेवटची पाळी येऊन आज चाळीस दिवस झाले, म्हणजे अपेक्षित तारखेला साधारण २४० दिवस उरले. त्यांतले रुजू होण्याआधीचे २१ गेले. प्रसूतीपूर्वीची रजा जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते, तेही पूर्ण वजा केले, तरी कामाला सुमारे तेवीस आठवडे मिळतात. पाच दिवसांचा आठवडा असला आणि साप्ताहिक सुट्या मुळीच मोजल्या नाहीत, तरी ८० दिवस सोळा आठवड्यांत भरतात. आजारपणासाठी सहा-सात आठवड्यांची सवड उरते. ती पुरेशी आहे, पण बिनपगारी रजा उधळण्याइतकी नाही, म्हणून हजेरीची नोंद स्वतःजवळही ठेवावी. अट पूर्ण झाली, की दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि प्रोबेशनवर असणे याच्या आड येत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आपण सध्या दुसरीकडे नोकरी करत असाल, तर तिथे भरलेले दिवस इथे जमेस धरले जात नाहीत आणि राजीनाम्यानंतर तिथला हक्कही राहत नाही. (वेतन २१,००० रुपयांपर्यंत असते, तर राज्य कामगार विम्याचे नियम लागू झाले असते आणि तिथे हिशेब वेगळा असतो. आपल्याला तो प्रश्न नाही.)

फॉर्मचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गरोदर असल्याचे वा असण्याची शक्यता असल्याचे रुजू होण्यापूर्वी आपण होऊन सांगावे, असे बंधन कायदा घालत नाही. न विचारता न सांगणे ही लबाडी नव्हे. परंतु लेखी प्रश्नाला, पुसट का होईना रेघ पाहिल्यानंतर, ‘नाही’ लिहून खाली सही करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि यात मी आपल्या पतींशी सहमत नाही.

नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात नेमके हेच घडले होते. १९८९ साली नोकरीसाठी भरलेल्या घोषणापत्रात त्यांनी शेवटच्या पाळीची तारीख चुकीची दिली, पुढे त्या रुजू झाल्या, प्रसूतिरजेवर गेल्या आणि प्रोबेशनच्या काळातच, माहिती दडवली म्हणून त्यांना काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले, आणि खोड उत्तरात नसून स्त्रीला संकोचात टाकणाऱ्या त्या प्रश्नांतच आहे, असे म्हणत ते रकाने काढून टाकण्याचा आदेश दिला. निकाल आपल्या बाजूचा आहे, हे खरे. पण तो मिळवायला त्या बाईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि समोर सार्वजनिक महामंडळ होते. खासगी कंपनीविरुद्ध तो आधार तितक्या थेटपणे चालत नाही.

तेव्हा तो रकाना कोरा सोडावा. कोणी बोट ठेवलेच, तर ‘ही माहिती वैयक्तिक असल्याने देत नाही’ एवढे लिहावे. त्यातून समोरचा काय ते ताडेल, हा धोका आहे, पण खोट्या सहीपेक्षा तो पत्करलेला बरा. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असेल, तर तिथल्या डॉक्टरांना गर्भधारणेची शक्यता आहे हे मात्र अवश्य सांगावे. तिथे कायद्याचा नव्हे, तब्येतीचा विचार आधी करायचा. तत्पूर्वी स्वतःच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी हे ओघाने आलेच, कारण आज आपण ज्या गोष्टीचा घोर करत आहात ती अजून निश्चितही नाही.

नणंदबाईंचा सल्ला प्रामाणिक आहे, पण त्याची वेळ चुकते. मातृत्व लाभाचे संरक्षण कर्मचारी झाल्यानंतरचे आहे. आज सांगितले आणि कंपनीने ‘जागा रद्द झाली’ असे कळवले, तर आपल्या हातात भांडायला फारसे काही उरत नाही. उलट, रुजू झाल्यावरही शेवटपर्यंत गप्प राहणे नुकसानीचे आहे. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहेच. शिवाय गरोदरपणात केव्हाही काढले, आणि काढले नसते तर लाभ मिळाला असता, अशी स्थिती असेल, तर गंभीर गैरवर्तनाचा अपवाद वगळता लाभ बुडत नाही. मात्र रजेपूर्वी ‘काम समाधानकारक नाही’ म्हणून प्रोबेशन संपवले, तर खरे कारण गरोदरपण होते हे दाखवण्याची वेळ येते, आणि मालकाला ते ठाऊकच नव्हते, असा बचाव समोरून पहिल्याच तारखेला येतो. म्हणून गरोदरपणाचा तिसरा महिना सरण्याच्या सुमारास एचआरला ईमेल करावा आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या कानावर घातले, याला पुरावा म्हणत नाहीत. त्या तारखेपर्यंत कामाबद्दल आलेले चांगले शेरे आपल्या खासगी ईमेलवर पाठवू नयेत, कंपनीच्या गोपनीयतेच्या नियमांत ते अडकू शकते. कोणी, केव्हा, काय म्हटले, हे वहीत टिपून ठेवावे.

नियुक्तिपत्र हाती आले, की दोन गोष्टी पाहाव्यात. मातृत्वाच्या लाभांची माहिती नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक स्त्रीला लेखी व इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, त्यामुळे ती मागितल्याने कोणाला संशय यायचे कारण नाही. दुसरे, प्रोबेशनमध्ये गरोदर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल, अशा आशयाचे कलम आढळले, तर घाबरू नये. कायद्याने दिलेला लाभ करारातल्या कलमाने काढून घेता येत नाही.

दुर्दैवाने गर्भपात झालाच, तर पुराव्यानिशी सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजेची नोटीस लेखी द्यावी, पोच घ्यावी. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत मिळायला हवी. ती अडवली, तर कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते, त्यासाठी आरंभीच वकील लावण्याची गरज नाही. नियुक्तिपत्र आल्यावर त्यातले प्रोबेशनचे कलम मला शब्दशः कळवावे, ते वाचून पुढचे सांगतो.