१३ वर्षांच्या मुलीच्या खांद्यामागचं हाड बाहेर आल्यासारखं दिसतं, स्विमिंग बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी रोज क्लबला पोहते, दुखत काही नाही, पण उजव्या बाजूचा स्कॅप्युला (खांद्यामागचं चपटं हाड) बाहेर डोकावतो आणि घरातले सगळे "खांदे मागे घे" म्हणून तिच्या मागे लागलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पोहणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोहणं बंद करायची गरज दिसत नाही.

आधी ते "खांदे मागे घे" थांबवा प्लीज. हात पूर्ण वर जातो तेव्हा त्या १८० अंशांतले साधारण ६० अंश स्कॅप्युला फिरल्यामुळे मिळतात, म्हणजे त्याने बरगड्यांवरून सरकत वर आणि बाहेर फिरायलाच हवं, आणि तोच मागे आवळून धरला की सगळा भार खांद्याच्या सांध्यावर आणि तिथल्या कंडरांवर येतो.

त्याला फिरवणारा आणि बरगड्यांना चिकटवून ठेवणारा मुख्य स्नायू म्हणजे सेराटस अँटीरिअर, काखेखाली बरगड्यांवर असतो तो. फ्रीस्टाइलमध्ये हा पूर्ण स्ट्रोकभर काम करतो, मध्ये सुट्टी नाहीच. ५० मीटरला ४० हात धरले तर ३ किलोमीटरला २४०० हात, म्हणजे एकेका खांद्याला १२००. मग तो थकतो आणि हाड उचललेलं दिसायला लागतं, अजिबात न दुखणाऱ्या स्विमर्समध्येसुद्धा प्रॅक्टिसच्या शेवटी हे खूप दिसतं. त्यामुळे बघायचं तर प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पाठीमागून व्हिडिओ काढा, दोन्ही हात हळू वर आणि हळू खाली. खाली आणतानाचा भाग नीट बघा, गडबड तिथेच जास्त कळते.

आणि एक, या वयात एकाच बाजूचं हाड बाहेर आलेलं दिसत असेल तर पाठीचा कणाही बघून घ्यायचा. तिला पाय सरळ ठेवून कमरेतून वाकायला सांगा, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं) आहे का ते ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून तपासून घ्या. हे खूपदा राहून जातं म्हणून मुद्दाम सांगते.

व्यायामात ताकदीपेक्षा दम वाढवायचाय. भिंतीवर पुशअप, कोपरं सरळ झाल्यावर अजून थोडं ढकलून पाठ किंचित गोल करायची, तो शेवटचा इंचच सेराटसचा. दुसरा, पलंगावर पालथं झोपून हात इंग्रजी Y च्या आकारात उचलायचे, वजन न घेता, यात ट्रॅपेझिअसचा, म्हणजे मानेपासून पाठीपर्यंत पसरलेल्या स्नायूचा, खालचा भाग काम करतो. पण हे पाण्यात उतरायच्या आधी दमेपर्यंत करू नका, थकलेल्या स्नायूंवर पोहणं होईल.

मैत्रिणीने मागून दोन्ही हात धरून ओढायचं ते स्ट्रेचिंग मला अजिबात पटत नाही, या मुलांचे खांदे आधीच सैल असतात. दुखायला लागलं तर कोचशी बोलून पॅडल्स (पोहताना तळहाताला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) आधी बंद करा आणि किकबोर्ड हात लांब करून धरू नका, पाठीवर किक मारू दे.

रात्री दुखून जाग येणं, हाताला मुंग्या, किंवा भिंत ढकलताना हाड अचानक पंखासारखं सुटणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, नर्व्हचा प्रॉब्लेम असू शकतो.